कोटेशनातली शेवटची ओळ

२०२५ च्या मे महिन्यात नागपूरहून भाचीने मला एका कोटेशनचा फोटो पाठवला. ती आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला जाणार होती, करोनाच्या काळात घेतलेला लॅपटॉप आता रेंडरिंगला पुरत नव्हता, आणि घरच्यांनी डेस्कटॉपसाठी नव्वद हजारांपर्यंत तयारी दाखवली होती. सीताबर्डीतल्या दुकानदाराने आठ ओळी लिहून दिल्या होत्या: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर, कीबोर्ड-माऊस आणि सर्वांत शेवटी ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’. पहिल्या सात ओळींत कंपनी, मॉडेल, क्षमता सगळं व्यवस्थित लिहिलेलं. आठव्या ओळीत मात्र नुसते ते तीन शब्द आणि पुढे एक किरकोळ रक्कम.

“मामा, प्रोसेसर आय-७ आहे. चांगला आहे ना?”

“प्रोसेसरचं नंतर बघू,” मी म्हटलं. “आधी त्या शेवटच्या ओळीत नेमकं काय देणार आहेत, ते विचारून ये.”

असे कागद मी खालून वर वाचतो, त्याला कारण आहे. २००७ साली सांगलीत मी जो असेंबल्ड कॉम्प्युटर घेतला, त्याच्या कोटेशनमध्येही शेवटची ओळ अशीच होती. आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी कॅसेटवरून त्या यंत्राच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या होत्या. चाळीसेक ओव्या, मध्येच तिचा खोकला, मागे अंगणातल्या कोंबड्या. २००९ च्या उन्हाळ्यात भारनियमनानंतर वीज आली आणि कॅबिनेटच्या मागून ‘फट्’ असा आवाज झाला. जळक्या वार्निशचा वास खोलीभर पसरला. एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, उडाला, आणि जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला. कॅसेटींना तोवर पावसाळी बुरशी लागलेली होती.

सुटे भाग पसंत करून आपलं यंत्र आपण जुळवायचं, हे आता इतकं अंगवळणी पडलं आहे की त्याचं नवल वाटत नाही. पण टीव्ही किंवा फ्रिज कुणी असे सुटे भाग आणून जोडत नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत हे शक्य झालं ते आयबीएमला झालेल्या घाईमुळे. फ्लोरिडातल्या बोका रॅटन गावी डॉन एस्ट्रिज यांच्या लहानशा चमूला साधारण वर्षभरात एक छोटा कॉम्प्युटर उभा करायचा होता. सगळं घरी घडवायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी बाजारात तयार मिळणारे भाग घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, आणि मदरबोर्डवर जादा कार्डांसाठी पाच खाचा. १२ ऑगस्ट १९८१ रोजी हा पीसी जाहीर झाला. त्याच्या तांत्रिक पुस्तिकेत सर्किटच्या आकृत्यासुद्धा छापल्या होत्या. बायॉस, म्हणजे यंत्र सुरू करणारा प्रोग्राम, तेवढा कॉपीराइटने बांधलेला होता. कॉम्पॅकने तो मूळ न उचलता स्वतः नव्याने लिहून काढला आणि मग इतरांनाही वाट मोकळी झाली. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक आणलं. मदरबोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोकं ठरलेली, एसएमपीएस कुठे बसणार ते ठरलेलं, कुठल्या तारेतून किती व्होल्ट येणार तेही ठरलेलं. तैवानचा बोर्ड, कोरियाची रॅम आणि भलत्याच कारखान्यातलं कॅबिनेट नागपुरातल्या टेबलावर एकमेकांत बसतात, ते अशा ठरलेल्या मापांच्या जोरावर.

मदरबोर्डवरच्या त्या जादा खाचांनी मराठीचंही मोठं काम केलं आहे. डॉसच्या काळात साध्या पीसीवर देवनागरी उमटत नसे. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं ‘जिस्ट’ तंत्रज्ञान एका कार्डाच्या रूपात आलं. ते खाचेत खोचलं की पडद्यावर मराठी अक्षरं दिसू लागत. पीसी बंद पेटीसारखा असता, तर आपली लिपी आत शिरायला कुणाच्या तरी मर्जीची वाट बघावी लागली असती.

आता भाचीच्या कागदाकडे येऊ. भाग निवडताना मी एकच प्रश्न आधी विचारतो: आपलं काम चालू असताना यंत्र कशाची वाट बघत बसतं? याचं उत्तर दुकानात मिळत नाही, आपल्याच जुन्या यंत्रावर मिळतं. मी तिला सांगितलं, एक दिवस लॅपटॉपवर नेहमीचं काम कर आणि टास्क मॅनेजरचं ‘परफॉर्मन्स’ पान उघडं ठेव. संध्याकाळी तिने आकडे कळवले. मोठं मॉडेल उघडताना डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर १५. स्केचअप, फोटोशॉप आणि ब्राउझर एकत्र चालू असले की ८ जीबी मेमरी काठोकाठ. रेंडर लावला की ग्राफिक्स १०० टक्के. प्रोसेसरला दिवसभरात सलग मिनिटभरही पूर्ण ताकद लावावी लागली नव्हती. कोटेशनात सगळा बडेजाव मात्र त्याचाच.

हे असं का होतं, ते समजायला एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. ४ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर सेकंदाला ४ अब्ज ठोके देतो. समजा, त्याचा एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद. मग रॅममधून एखादी गोष्ट मागवली की ती यायला साधारण सहा मिनिटं लागतात, चहाला आधण येईल एवढा वेळ. तीच गोष्ट चांगल्या एनव्हीएमई एसएसडीवर असेल तर साडेतीन-चार दिवस. आणि हार्ड डिस्कवर असेल तर? डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं. एवढ्यात प्रोसेसरचे १ कोटी ६७ लाख ठोके होऊन जातात. आपल्या मोजमापात १९३ दिवस. गुढीपाडव्याला मागवलेली वस्तू दसरा उलटून गेल्यावर हातात पडावी, तसं. डिस्कचा दांडा योग्य वर्तुळापर्यंत सरकायला लागणारा वेळ याहून वेगळा. तो धरला तर दीड वर्ष. अशा डिस्कपुढे आय-३ बसवा की आय-९, दोघंही सारखेच ताटकळतात.

म्हणून पाच-सात वर्षं जुन्या, कुरकुरणाऱ्या यंत्राबद्दल कुणी विचारलं तर मी नवीन घ्यायला सांगत नाही. विंडोज ज्या डिस्कवर आहे तिथे एसएसडी टाकायला सांगतो. जुन्या साटा जोडणीवरची एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास वाचते, पीसीआयई ४ वरची ७,००० च्या आसपास. आकडे ऐकून वाटतं की दुसरी बारापट चपळ. प्रत्यक्षात प्रोग्राम उघडताना हजारो बारीकसारीक तुकडे इकडूनतिकडून गोळा करायचे असतात, आणि त्या कामात या दोघींमधलं अंतर हाताला फारसं जाणवत नाही. हार्ड डिस्क सोडून एसएसडीवर येणं ही मोठी उडी. त्यापुढच्या पायऱ्या लहान आहेत. सगळ्यांत नव्या, महागड्या पिढीच्या एसएसडीवर विद्यार्थ्याने पैसे घालू नयेत, असं माझं मत आहे. भाचीच्या कागदावर ५१२ जीबी होती, ती आम्ही १ टीबी केली, कारण एकेका प्रोजेक्टचा पसारा तीस-चाळीस जीबीवर जात होता.

रॅम कमी पडली की विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवर ठेवायला लागतं. म्हणजे सहा मिनिटांचं काम चार दिवसांवर गेलं. पुरेशी रॅम घेणं म्हणजे हे स्थलांतर टाळणं, यापलीकडे त्यात गूढ काही नाही. लिखाण, हिशेब, ब्राउझर यांना १६ जीबी भरपूर झाली. भाचीसाठी ३२ ठरली, आणि ती १६-१६ च्या दोन स्टिक घालून. प्रोसेसरकडून रॅमकडे सहसा दोन रस्ते असतात. एकच स्टिक लावली तर एक रस्ता ओसाड राहतो. दुकानदार “पुढे वाढवता येईल” म्हणून एकच मोठी स्टिक सुचवतात. चार खाचांच्या बोर्डावर दोन लावूनही दोन मोकळ्या उरतातच की. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ यांची खोबण वेगवेगळ्या जागी असते, तेव्हा एकीच्या खाचेत दुसरी बसतच नाही. जुनी रॅम नव्या बोर्डावर वापरण्याचा बेत असेल तर आधी हे पाहावं.

प्रोसेसरच्या बाबतीत लोकांची सर्वांत जास्त फसगत होते ती ‘आय-५’, ‘आय-७’ या नावांनी. ही नावं वर्षानुवर्षं तीच राहिली, आतला माल बदलत गेला. २०११ चा आय-७ २६०० आणि २०२२ चा आय-३ १२१०० शेजारी ठेवून बघा. दोघांनाही चार कोअर आणि आठ थ्रेड. मूळ वेग जुन्याचा ३.४ गिगाहर्ट्‌झ, नव्याचा ३.३. कागदावर जुनाच वरचढ, आणि नावही आय-७. पण नवा प्रोसेसर प्रत्येक ठोक्यात इतकं जास्त काम उरकतो की एका कोअरचं काम तो जवळपास दुप्पट वेगाने करतो, तेही कमी विजेत. जुन्या कार्यालयीन यंत्रांना नवं कॅबिनेट चढवून ‘आय-७ कॉम्प्युटर’ म्हणून स्वस्तात विकतात, तेव्हा हाच भ्रम विकला जातो. त्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालतही नाही, आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हा नावापेक्षा पुढचा आकडा वाचावा: १२४०० मधले पहिले दोन अंक पिढी सांगतात. आकड्यानंतर ‘एफ’ असेल तर त्या इंटेल प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड न घेता असा प्रोसेसर घेतला तर यंत्र सुरू होतं, पंखे फिरतात, आणि पडदा काळाच राहतो. वेगळं कार्ड घेणार असलात तरी मी दीड-दोन हजार जास्त देऊन एफ नसलेला घेतो. ग्राफिक्स कार्ड बिघडून दुरुस्तीला गेलं, तर ते परत येईपर्यंत घरात यंत्र निदान चालू राहतं.

स्केचअपमधलं मॉडेलिंग मुख्यतः एका कोअरवर चालतं, तेव्हा कोअरची संख्या वाढवून तिथे काही हाती लागत नाही. आम्ही आय-७ वरून आय-५ १२४०० वर उतरलो. वाचलेले पैसे जिथे ती खरोखर ताटकळत होती तिथे वळवले.

ती जागा म्हणजे ग्राफिक्स कार्ड. इथे विचार करायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. कागदावर आरटीएक्स ४०६० होतं, ८ जीबी मेमरीचं. जवळपास त्याच भावात एका पिढीने जुनं ३०६० मिळत होतं, १२ जीबीचं. खेळ खेळायचे असते तर मी नवंच घे म्हटलं असतं, ते चपळ आहे आणि वीजही कमी खातं. पण एन्स्केपसारख्या रेंडरिंगच्या प्रोग्रामला संपूर्ण दृश्य, म्हणजे झाडं, फरशी, काचा, प्रत्येक पोताचं चित्र, कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मांडावं लागतं. मावलं तर ठीक. नाही मावलं तर वेग कोसळतो किंवा काम मध्येच बंद पडतं, आणि मग कार्ड कितीही चपळ असलं तरी त्याचा उपयोग नाही. हळू चालणारा रेंडर रात्रभर लावून ठेवता येतो, न मावणाऱ्या रेंडरला काही इलाज नसतो. आम्ही १२ जीबी घेतलं. ज्यांचं काम टॅली, वर्ड, ऑनलाइन शिकवणी आणि सिनेमे एवढंच आहे, त्यांनी कार्डावर एक रुपयाही खर्च करू नये. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स त्यांना पुरून उरतं.

दुसऱ्या दिवशी ती शेवटच्या ओळीचं उत्तर घेऊन आली. “४५० वॉटचा आहे म्हणाले. कॅबिनेटबरोबरच येतो.”

“त्याच्यावरच्या लेबलचा फोटो काढून आण. १२ व्होल्टच्या पुढे किती अँपिअर लिहिलंय ते बघ.”

फोटो आला: १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा म्हणजे २१६. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही आपली जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या तारांतूनच घेतात, म्हणजे या यंत्राच्या दृष्टीने तो ४५० नव्हे, २१६ वॉटचा एसएमपीएस. एकटं ग्राफिक्स कार्डच १७० वॉट खाणारं.

एसएमपीएस हा घरातल्या भिंतीचा आणि चिपचा दुभाष्या असतो. भिंतीतून २३० व्होल्टची, सेकंदाला पन्नास वेळा हेलकावणारी वीज येते. तो आधी ती सरळ करतो, तेव्हा तिचा ताण सुमारे ३२५ व्होल्ट होतो. मग सेकंदाला हजारो वेळा तोडून तिचे बारीक तुकडे करतो. इतक्या जलद तुकड्यांना मुठीत मावणारा ट्रान्सफॉर्मर पुरतो. पन्नास हेलकाव्यांवर तेच काम करायला लोखंडाचा धोंडा लागला असता. त्यातून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट बाहेर पडतात. पुढे मदरबोर्ड १२ व्होल्टचे सव्वा-एक व्होल्ट करून प्रोसेसरला देतो. १०० वॉट खाणाऱ्या प्रोसेसरला सव्वा व्होल्टवर ८० अँपिअर लागतात. आपला २,००० वॉटचा गीझर भिंतीतून नऊ अँपिअरसुद्धा घेत नाही. त्याच्या नऊपट प्रवाह त्या नखाएवढ्या चिपमध्ये सतत जात असतो, आणि तोही कामाप्रमाणे क्षणाक्षणाला वरखाली होत. अशा ठिकाणी वीज कोण देतो आणि बिघडल्यावर कसा वागतो, हे सर्वांत आधी बघायला नको का? चांगला एसएमपीएस मरतानाही ताण वाढला की पुढची वाट बंद करतो. ज्याच्यात ही संरक्षणं गाळून पैसे वाचवलेले असतात, तो आपल्याबरोबर शेजाऱ्यांना नेतो. माझ्याकडे तेच झालं.

‘८० प्लस’ हा शिक्का २००४ पासून आहे. निम्म्या भारावर, पूर्ण भारावर आणि वीस टक्के भारावरही निदान ८० टक्के वीज पुढे पोचली पाहिजे, ही त्याची मूळ अट. ब्राँझ, गोल्ड या वरच्या पायऱ्या. यंत्राला ३०० वॉट हवे असताना ७० टक्क्यांचा एसएमपीएस भिंतीतून ४३० वॉट ओढतो आणि १३० वॉट उष्णता करून फेकतो. ९० टक्क्यांचा ३३ वॉट फेकतो. बिलातली बचत त्यात आहेच, पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती कमी झालेली ऊब. एसएमपीएसमधल्या कपॅसिटरांचं तापमान दहा अंशांनी उतरलं तर त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा कारागिरांचा ठोकताळा आहे.

विजेबद्दल आणखी थोडं, कारण आपल्याकडे यंत्रं बिघडतात ती बहुतेक इथेच. कॅबिनेटला उघडा हात लागला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार असंख्य घरांत असते. तो दोष कॉम्प्युटरचा नसतो. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेले दोन छोटे कपॅसिटर नको असलेला विद्युत-गोंगाट पत्र्यावाटे अर्थिंगमध्ये सोडतात. अर्थिंगची तार नसेल, किंवा तिसरी पिन मोडून टू-पिनमध्ये खोचली असेल, तर तो पत्रा शंभरेक व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने जिवाला सहसा धोका नसतो, पण घराला अर्थिंग नाही ही गोष्ट त्या झिणझिण्या सांगत असतात. आधी वायरमनला बोलवावं, मग दुकानात जावं.

यूपीएस घेताना त्यावरचा व्हीए आकडा वॉट समजू नये. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. वीज गेल्यावर तो काही मिलिसेकंदांत बॅटरीवर उडी मारतो, आणि तेवढा वेळ एसएमपीएसला स्वतःच्या पोटातल्या साठ्यावर काढावा लागतो. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. काटकसरीत बनलेला आठ-दहामध्येच मान टाकतो, आणि मग “यूपीएस असूनही कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो” म्हणून बिचाऱ्या यूपीएसला शिव्या बसतात. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर मागचं बटण ‘यूपीएस’वर आहे ना ते बघावं, ‘नॉर्मल’वर असताना तो पंखे-दिव्यांपुरता, सावकाश बदल करतो. शुद्ध साइन वेव्हचा असेल तर उत्तमच.

आणि नागपूरचा मे महिना. प्रोसेसरवरचा कूलर हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही. खोलीच्या तापमानावर काही अंशांची चढण ठेवून तो थांबतो. खोली २५ अंशांची असताना चिप ७० वर राहत असेल, तर ४२ अंशांच्या खोलीत तीच चिप तेच काम करताना ८७ च्या आसपास जाते. पंचाण्णव-शंभराला पोचली की स्वतःला वाचवायला ती वेग उतरवते. आपले निम्मे कॉम्प्युटर तर टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेले असतात, जिथे मागून निघालेली गरम हवा वळसा घालून पुन्हा पुढून आत शिरते. त्यातून सध्या समोर अख्खी काच असलेल्या, रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटची आवड आहे. दिसायला देखणी, पण हवा आत यायला फट नाही. विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात राहणाऱ्यांनी पुढे जाळी असलेलंच कॅबिनेट घ्यावं आणि जाळीमागचा धूळगाळ दर महिन्याला झटकावा. कोकण-गोव्याकडे उष्म्यापेक्षा खारी दमट हवा त्रास देते. तिथे पावसाळ्यात यंत्र आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालू ठेवलेलं बरं.

तेव्हा आठवी ओळ आम्ही खोडून दोन ओळी केल्या: ६५० वॉटचा, गोल्ड दर्जाचा, पाच वर्षांहून जास्त वॉरंटीचा एसएमपीएस वेगळा, आणि जाळीचं कॅबिनेट वेगळं. दुकानदारांनी खळखळ न करता बदलून दिलं. ग्राहक विचारत नाहीत म्हणून कागदावर येत नाही, एवढंच ते म्हणाले, आणि मला ते खरं वाटतं.

मदरबोर्डवर मी फार बोलत नाही. त्याच्याकडून दोनच अपेक्षा: हव्या त्या खाचा असाव्यात आणि पुढे प्रोसेसर बदलण्याची वाट खुली असावी. एएमडीच्या एएम-४ सॉकेटचं उदाहरण आनंद देणारं आहे. २०१७ मध्ये पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या कित्येक बोर्डांवर, बायॉस अद्ययावत करून, २०२२ चा रायझन ५८००एक्स३डी चालला. इंटेल सॉकेट लवकर बदलतो. ज्यांना पाच वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलायचा आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावं; जे सात-आठ वर्षं काहीच बदलणार नाहीत त्यांना त्याने फरक पडत नाही.

भावांचं गणित आपल्या हातात नसतं. २०११ मध्ये थायलंडात पूर आला, अयुथ्याच्या आसपासचे कारखाने पाण्याखाली गेले, आणि जगभर हार्ड डिस्कचे भाव भडकले. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचं उत्पादन ओढून घेतलं आणि रॅम कडाडली. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा व्यवसायच बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाचीची रॅम मेमध्ये घेतली गेली, हे तिचं नशीब. अशा काळात माझा सल्ला असा की ज्या भागाचा भाव चढला आहे तो गरजेपुरताच घ्यावा आणि त्याच्यासाठी रिकामी खाच राखून ठेवावी.

बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्यावा. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही प्रोसेसरमध्ये अस्थिरतेचा दोष उघड झाला आणि कंपनीने त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्याच्याकडे बिल नीट, त्याला मागायला तोंड. अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाकडून कार्ड मागवणाऱ्यांनी ती वॉरंटी भारतात चालते का ते आधी विचारावं. बऱ्याचदा चालत नाही आणि बिघडलेलं कार्ड पुढच्या फेरीपर्यंत कपाटात पडून राहतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी नागपूरला गेलो. सगळे भाग जेवणाच्या टेबलावर मांडून आम्ही दुपारभर जोडत बसलो. प्रोसेसरची खाच बंद करताना दांडी जरा जास्तच करकरली तेव्हा भाचीने माझा हात धरला. मी म्हटलं, एवढा जोर लागतोच. संध्याकाळी पहिल्यांदा बटण दाबलं, बायॉसचं पान उजळलं, दोन्ही स्टिक दिसल्या, ३२ जीबी. खोलीत कूलर घोंघावत होता, तरी प्रोसेसर ४६ अंशांवर.

कॅबिनेटच्या तळाशी साडेतीन इंची डिस्कसाठी एक कप्पा रिकामा होता. तिने विचारलं, “मामा, तुझ्या आजीच्या ओव्यांची ती डिस्क अजून आहे ना तुझ्याकडे?”

आहे. पुण्याच्या घरी कपाटात, रुमालात गुंडाळून. तिच्या पोटाखालचं सर्किट काळं पडलं आहे, तबकड्या कदाचित शाबूत असतील. तपकीर गल्लीत बोर्डांचं काम करणाऱ्या एकाने मला सांगितलं की तंतोतंत त्याच मॉडेलची डिस्क मिळाली, तर तिचं सर्किट इकडे लावून आणि जुन्या सर्किटवरची छोटी रॉम चिप त्यावर सोल्डर करून वाचण्याचा प्रयत्न करता येतो. साटाची जोडणी २००७ ला होती तीच आजही आहे. नव्या बोर्डावरची तार तिला जशीच्या तशी बसेल. भाचीने लेबलचा फोटो मागून घेतला आणि त्या रात्रीपासून ती जुन्या डिस्क विकणाऱ्यांकडे तो मॉडेल नंबर शोधते आहे.